रिकाम्या पोटी घ्यायची गोळी

यवतमाळ, शनिवार

तीर्थस्वरूप धरमसिंगकाका यांस,

तुमच्या बबिताचा दोन्ही हात जोडून राम राम. मी इथे खुशाल आहे. तुमची खुशाली मात्र नीट कळत नाही, कारण फोनवर तुम्ही ‘बरी हायेस ना? मीबी बरा हाय. ठेवतो,’ एवढं म्हणता आणि खरोखरच ठेवता. म्हणून कागद घेतला. काळी गाय व्याली का? याडीचा खोकला थांबला का? (तिला कफ सिरपचं नाव फोनवर सांगायचं नाही असं मी ठरवलं आहे. मला औषधं विकता येतात, देता येत नाहीत. हे ती मानत नाही. तिच्या मते तिची लेक डॉक्टरच झाली आहे, फक्त अजून खुर्ची मिळाली नाही.)

काका, मी नोकरीला निघाले तेव्हा अख्खा तांडा म्हणत होता की एकटी पोरगी यवतमाळात राहून डॉक्टरांना गोळ्या विकणार, हे काही खरं नाही. तेव्हा तांड्याच्या नायकासमोर उभं राहून माझी बाजू घेणारे तुम्ही एकटेच. म्हणून इथे सगळं उत्तम चाललं आहे असंच मी लिहिणार आहे, आणि तुम्हीही तेच वाचायचं.

आधी नागपूरला कंपनीत आमचं शिक्षण झालं. गोळी पोटात गेली की चार गोष्टी होतात म्हणे: ती रक्तात शिरते, अंगभर पसरते, यकृत तिची मोडतोड करतं आणि शेवटी ती मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. बाकीच्यांनी मोठमोठे इंग्रजी शब्द पाठ केले. मी लक्षात ठेवलं, पाहुणा येतो, घरभर फिरतो, त्याला कामाला लावतात, मग तो जातो. पास झाले. मग अर्धायुष्य शिकवलं, म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ. आमची गोळी पित्ताची. तिचं अर्धायुष्य तासाभराचं, पण गुण दिवसभर राहतो. माझं याच्या उलट आहे. दिवाळी करून महागावहून एसटीत बसले, तर आर्णी येईपर्यंत घरचा निम्मा अंमल उतरला होता, आणि यवतमाळच्या स्टँडवर उतरले तेव्हा हातात नुसती फराळाची पिशवी. बरं, ते जाऊ द्या.

आमच्या धंद्यात डॉक्टर अर्धं मिनिट देतात, तेही पेशंट संपल्यावर आणि उभ्या उभ्या. तेवढ्यात नमस्कार, गोळीचं नाव, ती कशावर चालते, किती घ्यायची, कधी घ्यायची (आमची सकाळी रिकाम्या पोटी, जेवणाआधी अर्धा तास), कोणाला देऊ नये आणि त्रास काय होऊ शकतो, हे सगळं सांगायचं. मला ते झोपेतही येतं. पण आपल्या तांड्यात अनोळखी माणूस भेटला की आधी गाव, मग गोत, मग घरची माणसं, मग पाणी, आणि काम सगळ्यात शेवटी. तुम्हीच शिकवलंत ना, की आल्या आल्या काम काढणारा माणूस एकतर जमादार असतो नाहीतर चोर. तर आर्णी रोडवरच्या एका डॉक्टरांकडे आमचे मॅनेजर अंकुरसर माझं काम बघायला सोबत आले. मी आत गेले, नमस्कार केला आणि माझ्या तोंडून निघालं, “साहेब, गाव कोणतं तुमचं?” ते दचकले. पुसदकडचे आहेत म्हणाले. मग घरी कोण कोण असतं, आई कोणाजवळ राहते, गुरंढोरं ठेवली की विकली, हे सगळं झालं. आई गावीच एकटी असते, इकडे यायला तयार नाही, असं ते सांगत होते तेवढ्यात बेल वाजली आणि आमची वेळ संपली. गोळीचं नाव राहूनच गेलं. बाहेर आल्यावर अंकुरसर शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुमी गोळी विकून राह्यल्या का सोयरीक जमवून राह्यल्या?”

तेव्हापासून मी सुधारले. आता कोणालाही काहीही विचारत नाही. अर्ध्या मिनिटात बोलते आणि निघते. दिवसभरात इतक्या लोकांना भेटते, पण संध्याकाळी खोलीवर आले की ध्यानात येतं, गोळी सोडून एक शब्द बोललेले नाही. घरमालकीण वच्छलाबाई भली बाई आहे, पण आमचं बोलणं नळ कधी येणार यावरच, आणि यवतमाळचा नळ काही रोज येत नाही.

आता हसू नका. पित्ताची गोळी विकता विकता मलाच पित्त झालं. बॅगेत गोळ्यांची चळत. पण पाकिटावर छापलेलं असतं, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. ते वाक्य मीच दिवसभर लोकांना ऐकवते, मग मोडू कशी? बुधवारी आर्णी रोडवरच्या त्याच डॉक्टरांकडे केसपेपर काढला आणि पेशंटच्या बाकावर बसले. शेजारच्या आजीने विचारलं, “काय होते तुले, माय?” मी इतकं सांगितलं की तिचा नंबर आला तरी ती उठेना.

डॉक्टरांनी ओळखलं. म्हणाले, “त्या दिवशी तुमी विचारलं, आता मी विचारतो.” जळजळ कधी होते, झोप लागते का, भूक लागते का. शेवटी म्हणाले, जेवता कोणासोबत? काका, मला तुम्हीच दिसलात. रुपीकाकी गेल्यापासून तुम्ही चुलीजवळ उभ्या उभ्या जेवता, असं याडी सांगत होती. मी म्हटलं, मोबाइलसोबत जेवते. आणि रडले. (थोडंच. पंखा डोळ्यांवर होता.) बाहेर खोळंबलेले लोक खोकत होते, तरी डॉक्टरांनी पुढच्याला बोलवायची बेल मारली नाही. मग चिठ्ठी लिहिली, दुसऱ्याच कंपनीची गोळी. वर म्हणाले, “गोळी पंधरा दिवस घ्या. पण बाई, एकटीनं जेवत जाऊ नका.”

मला इथे करमत नाही, काका. काम जमतं, गाडीही चालवते, कोणाला घाबरत नाही. फक्त करमत नाही. हे तांड्यात कोणाला सांगू नका, तुमचा शब्द खाली पडेल. मी नोकरी सोडणार नाही.

मोठ्यांना नमस्कार, पोरांना गालगुच्चे, गाईला मूठभर सरकीची ढेप माझ्या नावाने.

तुमची,
बबिता

ता. क. तुमचा गुडघा दुखतो ना? इथे हाडांचे चांगले डॉक्टर आहेत. सकाळच्या एसटीने या. पंधरा दिवस तरी राहावं लागेल असं ते म्हणतात.

ता. क. दुसरा. ते असं काही म्हणालेले नाहीत. मी अजून त्यांना भेटलेही नाही. गुडघ्याचं बघू सावकाश. पुढच्या सोमवारपासून जेवणाचे दोन डबे सांगून ठेवलेत. बोलायचं नसेल तर बोलू नका, नुसते समोर बसा.

ता. क. शेवटचा. वच्छलाबाईंना सांगितलं आहे की माझे काका उपचारासाठी येणार आहेत. कोणाच्या, ते त्यांनी विचारलं नाही.