पुलावरचं बदक

आई, तो गेम मला परत सापडला. ज्या कंपनीच्या कॅन्टीनला तू चपात्या लाटायचीस, तिनं जुने कॉम्प्युटर काढले तेव्हा तू एक मागून आणलास, गोधडीत गुंडाळून, शिक्रापूरपासून टेम्पोत मांडीवर धरून. त्यात कुणीतरी तसाच ठेवलेला तो गेम. एक बावळट जादूगार राजवाड्याला निघालाय. मारामारी नाही, नुसतं चित्रावर क्लिक करायचं, वस्तू उचलायच्या, भेटेल त्याच्याशी बोलायचं. तुला इंग्रजी येत नव्हतं, पण गेम माझ्यापेक्षा तुलाच कळायचा. दिसेल ते त्याच्या झोळीत भरायला लावायचीस. मोडकी पळी, सुतळी, सुका बोंबील. "घे रं, लागतंय कवातरी." दाराआडच्या तुझ्या पिशवीतही तेच, रबरं, झाकणं, सुतळ्या. जादूगाराची विजार सुटली की तू कणकेचा हात तोंडावर धरून हसतेस, आणि पीठ नाकाला लागतं.

पुलावर आपण अडकलो. तिथला म्हातारा राखणदार सोडेना, कारण सुरुवातीलाच मी गंमत म्हणून त्याच्या बदकाला लाथ घातली होती. काय बोलायचं त्याच्या चार ओळी यायच्या. मी तुला तीनच वाचून दाखवायचो, धमकी, थाप आणि टोमणा. "आन् चौथी काय म्हंती?" "काय न्हाई, ते बंद करायचं बटण हाय." मग तू झोळीतली एकेक वस्तू म्हाताऱ्याला देऊन बघायचीस. एकदा चिडून मी माऊस भिंतीवर आपटला. तू तो उचललास, पदरानं पुसलास. "मुक्या जीवाला लाथ तू घातलीस, आन् राग बी तुलाच?" पुढच्या वर्षी तू गेलीस. चौथी ओळ होती, 'बदकाला मारलं, माझं चुकलं.' अकरा वर्षांचा होतो. हिरो बदकाची माफी मागतो व्हय, म्हणून वाचलीच नाही.

राग काही गेला नाही. शिरूरला कॉलेजात एक मुलगी आवडायची, अजून आवडते. तिच्याशी हसून बोलला म्हणून वर्गातल्या एकाचा दात पाडला. प्राचार्य वडिलांना घेऊन ये म्हणाले, तर ओळखपत्र त्यांच्या टेबलावर फेकून आलो, ते परत गेलोच नाही. आता शिक्रापूरलाच गोदामात खोकी भरतो. ती दौंडला नर्सिंग करते. फोनवर सॉरी म्हणालो तर म्हणाली, "मला कशाला? दात माझा पडलाय का?" मी फोन कट केला.

गेल्या महिन्यात मोबाइलवर तोच गेम खेळत पुलापाशी आलो आणि चौथी ओळ दाबली. म्हातारा म्हणतो, मला काय सांगतोस, बदकाला सांग. जादूगार गुडघ्यावर बसला, बदकानं त्याचं नाक चावलं, फाटक उघडलं. एवढंच होतं, आई. मी इतका हसलो की खोलीत सोबत राहणारा बिहारी भाऊ म्हणाला, "पगला गए हो क्या?" पुढच्या रविवारी मी मांडवगण फराट्याला, ज्याचा दात पाडला त्या पोराच्या घरी गेलो. तो गोठ्यात होता. "चुकलं माझं," म्हणालो. त्यानं वर बघितलं. नवा दात जरा जास्तच पांढरा आहे. "शेण काढाय येतं का?" दोन तास काढलं. मग त्याच्या आईनं चहा आणला. "ह्योच का त्यो?" "ह्योच," तो म्हणाला, "पण काम बरं करतो."

परवा दौंडहून मेसेज आला. 'कळलं मला. रविवारी सुट्टी आहे.' हे पत्र तुझ्या पिशवीत, सुतळ्यांखाली ठेवतो. लागतंय कवातरी. तिला वाटतंय, मला आपणहून अक्कल आली. बदकाचं मी अजून सांगितलेलं नाही.