तिघांची नावं

येशू, मारिया, जोसेफ
तुतिकोरिन, ५ ऑक्टोबर

ती. बाय हिला धाकट्या इनासचा नमस्कार.

वि. वि. हे की रविवारी तू फोन अर्ध्यात कापलास. आवाज येत नाही म्हणालीस, पण मला इथे तुझ्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत होती. त्याआधी तिघांचं काहीतरी ठरवायचंय असं पुटपुटलीस. कोण तिघं? तुमच्या घरात तू, दाजी, दक्षता आणि तुझ्या सासूबाई मालनकाकी, म्हणजे चौघं. हिशोब लागला नाही, म्हणून पत्र. फोनवर तू बिनधास्त थापा मारतेस, कागदावर तुला ते जमत नाही. सातवीत शाळा सोडलेल्याच्या अक्षराला हसू नकोस.

माझं ठीक. बोटींच्या बुडाला वेल्डिंग करतो, सकाळी इडली, रात्री इडली. फोरमन डिसेंबरात विशाखापट्टणमला चल म्हणतोय. आधी जामनगर, मग कोची, मग हे. आईला सांगू नकोस, पायाला भिंगरी आहे म्हणून सुरू होईल.

नीट लिही, खरं लिही.
तुझा लोभ आहे तेवढा पुरे, फक्त फोनसारखा कापू नकोस.
इनास


ये. मा. जो.
ठाकुर्ली, १४ ऑक्टोबर

चि. इनास यास जोविताचे आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहिते. दक्षता झाली ती दवाखान्यात, बाहेर गर्भ तयार करून, हे तुला माहीत आहे. तेव्हा एक नाही, चार गर्भ तयार झाले. त्यातली एक दक्षता. उरलेले तिघं ठाण्याच्या त्या दवाखान्यात अजून गोठवून ठेवलेत. पुढे दुसऱ्या खेपेला, असं ठरलेलं. पण बाळंतपणात माझी पिशवी काढावी लागली. त्यामुळे दुसरी खेप नाही.

आता दवाखान्यातून फोन आलाय. मुदत संपते, नोव्हेंबर संपायच्या आत कळवा. अजून ठेवायचे, संशोधनाला द्यायचे, की बर्फातून काढून थांबवायचे. बोलणारी मुलगी इतकी गोड होती की शेवटी मी तिला थँक्यू म्हटलं.

दर्शन म्हणतो तुला बरं वाटेल ते कर. चांगला माणूस आहे, पण बरं वाटणं म्हणजे काय तेच मी विसरलेय. सकाळी डबे भरते, वागळे इस्टेटला जाऊन बल्बची खोकी चिकटवते, येऊन दक्षताचं नाक पुसते. रोझरीला ओठ हलतात. रडू येईल म्हणून वाट पाहिली, नाही आलं.

आईकडे गेलेले तेव्हा फादर घरी आलेले, त्यांना विचारलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, चर्चचा अशा उपचाराला नकार आहे तो यासाठीच, की पुढे ही वेळ येते. पण दक्षता देवाची पूर्ण देणगी आहे, आणि ती तिघंही कुणीतरी आहेत, वस्तू नाहीत, म्हणून संशोधनाला द्यायची नाहीत. एवढं नक्की. बाकी दोन्हींतलं बरोबर कोणतं ते चर्चनेही शेवटचं सांगितलेलं नाही, आणि मी खोटं उत्तर देणार नाही. मग ते माझ्याजवळ नुसते बसून राहिले. आईने चहा आणला, तो कुणी प्यायला नाही.

तू दक्षताचा पदरिन. बाप्तिस्म्याला मेणबत्ती धरून देवापुढे तिचा दुसरा बाप झालास. तेव्हाही शर्टावर मेण सांडलंस. तर तिच्या भावंडांचं काय करायचं ते तू सांग. सही मला करायची आहे, पण ठरवायला जोर नाही.

जेवत जा. लोभ असेल तर तो दोन ओळींत तरी कळव.
जोविता


ये. मा. जो.
तुतिकोरिन, ३ नोव्हेंबर

ती. बाय हिला नमस्कार.

वि. वि. तुझं पत्र खिशात घेऊन इतके दिवस काम केलं. एकदा वेल्डिंगची ठिणगी पडून कोपरा जळाला, अक्षरं वाचली. बोटीला भोक असेल तर मी सांगतो कुठे पॅच मारायचा. हे माझ्या अकलेच्या बाहेरचं आहे.

इथल्या चर्चमध्ये पापनिवेदनाला गेलेलो. फादरना ना हिंदी येते ना मराठी, मला तमिळ येत नाही. तरी मी सगळं मराठीत सांगितलं, तुझं, तिघांचं, माझंही. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग डोक्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाले. कळलं नाही, पण बाहेर आलो तेव्हा जरा हलकं वाटलं.

आणि काल होता मृतांचा दिवस. अख्खा गाव दफनभूमीत, प्रत्येक थडग्यावर फुलं आणि मेणबत्त्या. आपलं इथे कुणीच पुरलेलं नाही. मग एका बिननावाच्या जुन्या क्रुसापाशी गेलो. पप्पांसाठी एक लावली. मग त्या तिघांसाठी तीन, ओळीने. वारा होता, तळहात आडवा धरून बसलो. शेजारच्या म्हातारीने मला काडेपेटी दिली, कुणाचं कोण म्हणून विचारलं नाही.

तर बाय, माझ्यातर्फे झालं. त्यांना शांती दिली असं समज आणि सही करून टाक. तू किती दिवस अशी मुकी फिरणार? फोरमनला मी विशाखापट्टणमचं हो सांगतोय.

दक्षताला पदरिनची पापी. माझ्यावर रागावलीस तरी लोभ ठेव.
इनास


ये. मा. जो.
ठाकुर्ली, ११ नोव्हेंबर

इनास,

तुला आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. मेलेल्यांच्या दिवशी मेणबत्त्या लावल्यास? अरे गाढवा, ती मेलेली नाहीत. माझी सही झालेली नाही, कुणी त्यांना हात लावलेला नाही, आणि तू तिकडे परक्या क्रुसापाशी त्यांचं उरकून मोकळा झालास. प्रत्येक नोकरी सोडतोस तसं.

तुझं पत्र मी फाडलं. सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी तुकडे गोळा केले आणि काय झालं विचारलं. मी सगळं सांगितलं, ओरडून सांगितलं. तेव्हा मलाच ऐकू आलं की मी त्यांना जिवंत म्हणतेय. इतके दिवस मी ते एकदाही म्हटलं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या की दर्शनच्या आधी त्यांना एक बाळ झालेलं, संध्याकाळपर्यंत होतं. गावी माणसांनी कपड्यात गुंडाळून नेलं. नाव ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे आजही आठवण काढायची तर काय म्हणून हाक मारायची, कळत नाही. एवढं बोलून त्या पुन्हा मेथी निवडायला लागल्या.

मी परत फादरकडे गेले. विचारलं, जिवंत आहेत तर माझ्या भीतीपायी त्यांना कायम बर्फात ठेवायचं का. ते म्हणाले, त्यांच्या समजुतीप्रमाणे असं धरून ठेवायची सक्ती कुणावर नाही. ही माझी समजूत, हुकूम नव्हे, हे दोनदा म्हणाले. देवाच्या हाती सोपवायचं असेल तर फेकल्यासारखं नको, सोपवल्यासारखं असू दे.

मग दर्शन आणि मी दवाखान्यात गेलो. संशोधनाला द्यायचे नाहीत, बर्फातून काढा, पण त्या वेळी आम्ही बाहेर उभे राहणार, असं सांगितलं. मुलगी म्हणाली, असं कुणी येत नाही. दर्शन म्हणाला, आम्ही येतो. तिने टाकी दाखवली. इनास, डेअरीतल्या दुधाच्या कॅनसारखी दिसते. मी टाकीवर हात ठेवला. थंडही लागली नाही.

एकोणतीस तारीख, शनिवार. फादर येतील, आई येईल, सासूबाईही निघाल्यात. गर्भाला बाप्तिस्मा नाही देता येत, मी विचारलं. पण नावाने हाक मारून सोडायला मनाई नाही. नावं तू ठेव. पदरिन तूच. मी प्रयत्न केला, माझ्या डोक्यात काही उमटत नाही.

विशाखापट्टणमला जायचं तर जा. पण मग तसं आधी लिही, म्हणजे मी दारात वाट बघणार नाही.
रागासकट लोभ आहेच.
बाय


ये. मा. जो.
तुतिकोरिन, १८ नोव्हेंबर

ती. बाय हिला, आणि मालनकाकींना, इनासचा नमस्कार.

वि. वि. तुझं पत्र वाचून सरळ दफनभूमीत गेलो. त्या तीन मेणबत्त्या परत उचलून आणाव्यात असं डोक्यात आलेलं, येडा आहे मी. मेणाचे पांढरे डाग उरलेत फक्त. नखाने खरवडले, थोडे निघाले, थोडे नाही.

रडलो वगैरे नाही. मलाही आजकाल काही वाटत नाही, तुझ्यासारखंच. फक्त हात काम करत राहतात.

फोरमनला नाही सांगितलं. तो म्हणाला, आता नाही आलास तर परत विचारणार नाही. मी बरं म्हटलं. तिकीट काढलंय, अठ्ठावीसला, शुक्रवारी संध्याकाळी कल्याणला उतरतो. स्टेशनवर येऊ नका, दक्षताला गर्दीत आणू नका.

त्या दिवशीच्या पाकिटातल्या काही मेणबत्त्या उरल्यात, त्या आणतोय. ह्या वेळी पदरिनच्या म्हणून धरीन, बाप्तिस्म्याला धरतात तशा. मेण सांडलं तर सांडू दे.

नावं ठरवली. झोपताना, काम करताना म्हणून बघितली, चांगली लागतात. चौथंही एक ठरवलंय, काकींच्या बाळाचं, त्यांना चालणार असेल तर. कुठलंच कागदावर लिहीत नाही. कागद तू फाडतेस. तोंडात घेऊन येतोय, तिथे उभा राहून हाक मारीन.

लोभाचं समोर आल्यावर बोलू. दार उघडं ठेव.
इनास