पट्ट्याच्या पलीकडं

३ नोव्हेंबर, सोमवार
आज पाय वर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेले! मागे बसलेली बानो सारखी सांगत होती— "भाभी, समोर बघा, हँडलकडं न्हाई." ही शेजारची बानो दिवसभर ब्लाउज शिवते आणि सकाळी मला स्कूटी शिकवते. लेक ऋतुजा नांदेडला कॉलेजात गेल्यापासून तिची गाडी अंगणात धूळ खात होती. मी कच्चं लायसनही काढलंय. ह्यांना पत्ता नाही. मी स्टुलावर चढले तरी हे स्टूल धरून उभे राहतात. स्कूटी म्हटलं तर शिकणंच बंद. एक दिवस थेट दालमिलच्या गेटवर ह्यांना घ्यायला जाईन, तेव्हाच कळेल. सत्तेचाळिसाव्या वर्षी माझ्याकडे एक बातमी आहे. ती मीच सांगणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार
घोळ झाला. चौकात लाल दिवा लागला, मी ब्रेक दाबला, आणि गाडी थांबली ती पांढऱ्या पट्ट्याच्या पार पलीकडे. बानो म्हणाली, "वर बघा. पोलिसांचा नवा कॅमेरा. आता चलान येतंय, फोटोसकट. ज्याच्या नावावर गाडी, त्याच्या मोबाईलवर."
गाडी ह्यांच्या नावावर!
असल्याच कॅमेऱ्यामुळे गेल्या साली बानोची साखळी ओढणारा सापडला. चोर धरा, माझी हरकत नाही. पण तोंड वासलेला माझा फोटो आधी कुठल्याशा खोलीत अनोळखी माणसं बघणार, मग हे बघणार. मला कुणी विचारलं? माझी बातमी एका खांबानं सांगून टाकायची म्हणजे काय! भयंकर राग आलाय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
जेवताना हे मोबाईल बघत होते. मी न मागता भाकरी वाढत राहिले. "भाजीत मीठ कमी हाय," एवढंच म्हणाले.

१७ नोव्हेंबर
अजून काही नाही. बानो म्हणते, सुटलात. आज तोच चौक ओलांडला.

२२ नोव्हेंबर, शनिवार
गेले! मिल सुटली, हे डबा घेऊन बाहेर आले आणि मला बघून डोक्यालाच हात लावला. "अगं, तू? कधी शिकलीस? मला कसं कळलं न्हाई?" दोनदा म्हणाले. हमालांनी टाळ्या वाजवल्या. वाटलं होतं, मागे बसून 'हळू, हळू' करून जीव खातील. एकदाही नाही. चौकात मी थांबले तेव्हा हे म्हणाले, "पट्ट्याच्या अलीकडं थांबलीस, बरं केलंस." इतका आनंद मला कधी झाला होता, आठवत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
ऋतुजाला फोनवर सगळं सांगितलं. तिनं मोबाईलवर गाडीचा नंबर टाकून तिथल्या तिथं बघितलं. "आई, चलान आलतं की. फोटो पण हाय, तोंड बघ तुझं! पण भरलंय. तेरा तारखेलाच."
तेरा. मीठ कमी होतं तो दिवस.
बाहेर हे कुणाला तरी सांगत होते— "मला तर पत्ताच न्हाई बघा!" मी विचारणार नाही. चहा नेऊन दिला, साखर जरा जास्तच घालून.