येळवसेला नेलेली विजेची पेटी

मुक्काम अहमदपूर

तीर्थस्वरूप धुरपताअक्कांना धाकट्या भावजयीचा, रुक्मिणीचा, नमस्कार. गुडघे वाकू देत नाहीत, म्हणून कागदावरच वाकले असं समजा. तुमचा मोडलेला पाय काठीवर आला का, देगलूरच्या घरी नातसुना वेळेवर जेवायला घालतात का, आणि घालत असल्या तरी तुम्ही शेजारणीला “घालत न्हाईत” म्हणून सांगता का, ते सगळं कळवा. फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ते तुम्ही कबूल करत नाही. येळवसेच्या अमावस्येला आपलं फोनवरचं बोलणं मधेच तुटलं, त्याचा राग धरला असेल तर सोडा. त्याचं कारण खाली येईल.

पत्र माझी सून सत्यशीला लिहिते आहे. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळं माझं बोलणं झाडून-पुसून कागदावर ठेवते. मी “लई” म्हटलं की तिचा हात “फार” लिहितो. लिहू दे. या पत्रात तिचीच तारीफ यायची आहे आणि ती तिच्याच हातानं लिहून घ्यायची मजा मला सोडायची नाही. (लिही गं. मान खाली घालून काय बसलीस?)

मागं तुम्ही टोमणा मारला होता, “भाऊ बायकोच्या पदराला बांधलाय, बहिणीकडं फिरकत न्हाई.” अक्का, पदराला बांधला असता तर मी कवाच सोडला असता. तो नळीला बांधलाय. छातीनं दगा दिल्यापासून ऑक्सिजनचं मशीन कोपऱ्यात घरघरतं, त्याची नळी तुमच्या भावाच्या नाकात आणि मशीनची दोरी भिंतीत. लांब कुठं जायचं म्हटलं की भिंत सोबत न्यावी लागते. मागल्या वर्षीच्या येळवसेला सगळं गाव काळ्या आईच्या पूजेला आंबिलीची मडकी डोक्यावर घेऊन रानात चाललेलं आणि हे खिडकीत उभे. मी संध्याकाळी डाळी-पालेभाज्यांची भज्जी घरी आणून दिली, तर ताट सारलं. म्हणाले, “रुक्मिणे, रानात कडब्याच्या कोपीत बसून खाल्ली तर भज्जी. घरात नुसती भाजी.” त्या दिवशी मी ठरवलं की पुढच्या येळवसेला हा माणूस रानात जेवेल.

आता विजेची पेटी म्हणजे काय ते सांगते. घरी भिंतीतून वीज भरून घ्यायची, मग पेटी उचलून न्यायची आणि रानात तिच्यातून वीज काढायची. शहरातली माणसं ही पेटी घेऊन डोंगरावर जातात आणि कापडाच्या खोपटात झोपतात. (ज्यांना पक्कं घर आहे तेच जातात म्हणे. ज्यांना नाही त्यांना हौस नसते.) आमच्या अमरेशनं मोबाईलात बघून एक मागवली. दिसायला काय देखणी! नारंगी कान, पुढं दिवा, मागं दिवा, गाणंही वाजवायची. तिला मशीन लावलं, तर टीं करून डोळे मिटले. अमरेश म्हणतो, “आई, चित्रात तर तिच्यावर आख्खं घर चालत होतं.” मी म्हटलं, “लेकरा, तुझ्या आजोबांनी हाळीच्या बैलबाजारात शिंगं रंगवलेला बैल असाच आणला होता. दावणीला लई शोभायचा.”

पेटी परत गेली आणि मग सत्यशीलेनं काम हातात घेतलं. तिनं पेट्या बघितल्याच नाहीत, आधी मशीन उलटं केलं आणि त्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचलं. मला म्हणाली, “आत्याबाई, दोन गोष्टी बघायच्या. घागर केवढी आणि तोटी केवढी. तोटी बारीक असली तर मशीन चालूच होणार न्हाई, आणि घागर लहान असली तर चालू होऊन बंद पडेल.” पहिल्या पेटीची तोटीच बारीक होती म्हणे. असं कुणी समजावलं असतं तर मीही शाळेत गेले असते. आतलं सामान लवकर पेटणारं नाही ना, आणि वर्षानुवर्षं भरता-उपसता येतं ना, हेही तिनं विचारून घेतलं. आणि आधी डॉक्टरांना विचारलं, मग नवऱ्याला सांगितलं. (हा क्रम मला फार आवडला. हे नीट लिही.)

पण बैल ओढायला लावल्याशिवाय मी दाणा टाकत नाही. तुमच्या भावाला ऑक्सिजनचा सिलिंडर लावून जवळ अमरेशला बसवलं, आणि आम्ही सासूसुना मशीन घेऊन लातूरला त्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “आजी, कंपनीवर विश्वास ठेवा.” मी म्हटलं, “विश्वास जावयावर ठेवतेत बाबा, न ठेवून सांगणार कुणाला? पेटीला ओढून दाखवू दे.” मशीन लावलं. आता वारा येतोय का ते कळावं कसं? नवी नळी मीच नाकाला लावून बसले. अक्का, दुकानात शिरणारं प्रत्येक माणूस मला बघून आवाज खाली करायचं. एका बाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. एक जण टीव्ही घ्यायला आला होता, तो “नंतर येतो” म्हणून गेला. दुकानदार घामाघूम. “आजी, आता झालं का?” मी म्हणायची, “वारा गार लागून राहिला, बसू दे थोडं.” सत्यशीला मात्र घड्याळ आणि पेटीवरचा आकडा बघत हिशोब जुळतो का ते तपासत बसली होती. जुळला. भरल्या घागरीएवढी जड पेटी आम्ही घरी आणली. किंमत विचारू नका, मलाही खरी सांगितलेली नाही.

येळवसेला तुमचा भाऊ जीपमधून रानात उतरला, तेव्हा आधी ढेकूळ उचलून फोडलं आणि वास घेतला. मी तिकडं बघितलं नाही, आंबिलीत पळी फिरवत बसले. कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, बाहेर बाजेवर हे, शेजारी पेटी आणि मशीन. चूल आणि विडीकाडी पार दुसऱ्या बांधाला, कारण मशीनच्या वाऱ्याजवळ विस्तव नको, असा सत्यशीलेचा हुकूम. आमच्या घरात शंभर वर्षांत कुणी पुरुषांच्या विड्या हुकमानं बंद केल्या नव्हत्या.

आणि मग घात झाला. येळवसेला वाटेनं जाणाऱ्या अनोळख्यालाही हाक मारून जेवू घालायचं, कुणाला नाही म्हणायचं नाही, ही आपली रीत. रीत केली तेव्हा विजेच्या पेट्या नव्हत्या. कुणी पहिला मोबाईल लावला देव जाणे, पण एकाचा लागला तो दुसऱ्यानं बघितला. शेजारच्या बांधावरून माणसं जेवायला एक हात आणि मोबाईलला एक हात घेऊन यायला लागली. भजनवाले कर्णा घेऊन आले. बांधशेजारी व्यंकटराव तर घरचं मिक्सर घेऊन आला, म्हणे ठेचा ताजा करतो! तुमचा भाऊ बाजेवरून सगळ्यांना ओरडून सांगतोय, “लावा, लावा, आपलीच हाय!” इतक्या दिवसांनी चार माणसं भेटली, त्याला काय सुचतंय?

पेटीवरचे अंक मला कळत नाहीत, पण सुनेचं तोंड कळतं. ते उतरत चाललं होतं. जवळ येऊन हळूच म्हणाली, “आत्याबाई, असंच चाललं तर मामंजींना आत्ताच घरी न्यावं लागेल. सिलिंडर वाटेसाठी हाय, त्याला हात न्हाई लावायचा.” यांनी अजून भज्जीचा घासही घेतला नव्हता. मोबाईल काढा म्हणावं, तर ती सून. मी म्हणावं, तर येळवस. आलेल्या माणसाला नाही म्हटलं की वर्षभर रान बोलतं.

मग मी उठले. हळदीकुंकवाचं ताट घेतलं. अमरेशला म्हटलं, “पेटी उचल, मशीनसकट कोपीत ने, पांडवांच्या शेजारी मांड.” नळी कडब्यातून बाहेर काढली, आणि पेटीला वारा लागावा म्हणून सत्यशीलेनं मागच्या दोन पेंढ्या सरकवल्या. मी पेटीला हळदीकुंकू वाहिलं, खण ठेवला, ओटी भरली आणि मोठ्यानं म्हटलं, “औंदाची लक्ष्मी हीच. हिच्यामुळं माझा धनी रानात आलाय.” एक जण म्हणाला, “दिवा न्हाई लावला?” म्हटलं, “हिला विस्तव चालत न्हाई. कडक सोवळ्याची हाय.” अक्का, काय सांगू! ओटी भरलेल्या लक्ष्मीला मोबाईल कोण लावून ठेवतो? माणसं चपला काढून आत गेली, हात जोडून आपापल्या दोऱ्या काढून आली. व्यंकटरावानं मिक्सर काढलं आणि वर नारळ ठेवला. रीत मोडली नाही, कुणाला नाही म्हटलं नाही, आणि पेटीनं दिवस मावळेपर्यंत ओढलं. तुमच्या भावानं कोपीच्या तोंडाशी बसून भज्जी खाल्ली, आंबील दोनदा मागितली आणि मीठ कमी आहे म्हणाले. म्हणजे तब्येत चांगली.

आता ही पेटी चांगली की वाईट, हे मला विचाराल, तर पेटी चांगलीच. पण पेटीपेक्षा ती निवडणारी चांगली. (हे खोडू नको. मला वाचता येत नसलं तरी खोडल्याचा आवाज ऐकू येतो.) तुमची लोभातली,

रुक्मिणी

ता. क. खरं काम राहिलंच. येळवस ही नुसती परीक्षा होती. संक्रांत झाली की आम्ही पेटी घेऊन देगलूरला येतो आहोत. डॉक्टर हो म्हणालेत. बाज भिंतीतल्या विजेच्या जवळ टाका आणि चुलीपासून लांब. भावाला बघून रडायचं असेल तर आधीच रडून घ्या. तो सामील झाला की त्याचा दम अडकतो.

आणखी ता. क. हे अक्षर तुमच्या भावाचं आहे. सून शाळेत गेली, म्हणून यांना लिहायला बसवलं. सत्यशीला आमच्यासोबत येईल. तिची आई गेल्यापासून तिला माहेर उरलेलं नाही. दोन दिवस तिला कपबशीसुद्धा विसळू देऊ नका. उशिरा उठली तर उठू द्या. निघताना ओटी भरा, मी पेटीची भरली त्यापेक्षा चांगली. मी सांगितलं म्हणून सांगू नका. घरात माझी काही पत आहे.

अक्का, आता हे माझं. तिला वाचता येत नाही म्हणून बिनघोर लिहितो. त्या दिवशी पेटीला पहिला मोबाईल हिनंच लावला होता. तुला पुन्हा फोन करून माझा आवाज ऐकवायचा होता. आधी तुमचं बोलणं चालू असताना, मी बोलायच्या आधीच चार्ज संपून तो बंद पडला होता. आता येऊनच बोलतो. आंबिलीत मीठ बरोबर टाक.

लक्ष्मण