सासूबाईंचा गुडघा आणि माझी सायकल

३ सप्टेंबर, सोमवार
साठलेली रजा आजपासून सुरू. ही ऑफिसला, मी घरी. घरकाम माझ्याकडे, असं मीच जाहीर केलं. ही म्हणाली, बाकी काही नाही जमलं तरी चालेल, आईला तेवढं रोज संध्याकाळी फिरवून आण. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून सध्या आमच्याकडे आहेत. मी म्हटलं, रजा संपेपर्यंत त्यांना पळायला लावतो.
मशीन लावलं. घर चालवणं म्हणजे नुसतं प्लॅनिंग. लोक उगाच बाऊ करतात.

४ सप्टेंबर
दुपारी सायकलमध्ये हवा भरली. टेस्ट म्हणून गावाबाहेर गेलो. शेतांच्या कडेच्या झुडपांच्या कुंपणाला काळ्या-जांभळ्या रानटी ब्लॅकबेरी लगडल्यात! हाताला काटे, शर्टाला डाग, पण वय एकदम उतरलं. परत आलो तर अंधारत आलेलं. सासूबाई दाराशी खुर्चीत, पायात बूट, हातात काठी. कसंसंच झालं. त्यांना ओंजळभर ब्लॅकबेरी दिल्या. फळं हाडांना चांगली. म्हणजे काम गुडघ्याचंच झालं.
हिने आल्या आल्या विचारलं, आईला नेलंस का? मी डाग घासत होतो. सासूबाईच म्हणाल्या, हो गं, छान झालं फिरणं.
मी खोटं बोललो नाही. मी काहीच बोललो नाही.

५ सप्टेंबर
परवाचे कपडे मशीनमध्येच राहिले होते. वास. पुन्हा धुतले. त्यात दुपार गेली. मग डोकं शांत करायला सायकल. उद्यापासून सासूबाई म्हणजे सासूबाई.

७ सप्टेंबर
काल राहून गेलं. आज जॅम करून सगळी भरपाई करायची ठरवलं. फळं आटत ठेवली आणि टोपलीतली उरलेली जागा भरायला जरा बाहेर पडलो. सासूबाईंनी गॅस बंद केला म्हणून घर वाचलं. उठायला नको होतं त्यांनी. डॉक्टर काय म्हणतील?
पातेलं माळ्यावर टाकलं. ही विचारत होती, कसला वास? सासूबाई म्हणाल्या, माझ्याकडूनच दूध लागलं.
रात्री जेवण गेलं नाही. दोनच पोळ्या खाल्ल्या.

११ सप्टेंबर
लिहू की नको?
आज घराजवळच्या चढालगतच्या कुंपणात शिरून फळं काढत होतो. रस्त्यावर काठीचा आवाज. फटीतून बघतो तर सासूबाई. एकट्या! चढावर थांबल्या, कठड्याला धरून दम खाल्ला, स्वतःशीच म्हणाल्या, चल गं बाई, आणखी थोडंसं. मी बाहेर येणार होतो. खरंच येणार होतो. पण तोंड जांभळं, हातात टोपली, काय सांगणार? शिवाय दचकून पडल्या असत्या तर? त्यांच्या सेफ्टीसाठी आतच बसलो. त्या वळून दिसेनाशा झाल्यावरसुद्धा बसून राहिलो. काटे बरेच टोचले. टोचायलाच हवे होते.
उद्या नक्की.

१२ सप्टेंबर
वेळेआधी तयार. बूट, टोपी, पाण्याची बाटली. सासूबाई म्हणाल्या, अहो, आज डॉक्टरांकडे जायचंय, लेक अर्धी रजा टाकून येतेय न्यायला.
डॉक्टर एकदम खूश. म्हणाले, कोणीतरी मनापासून चालवलंय यांना. हिने माझा हात घट्ट धरला. डोळ्यांत पाणी. म्हणाली, तू होतास म्हणून. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या पंख्याकडे बघत होत्या.

१५ सप्टेंबर
सासूबाई आपल्या घरी गेल्या. निघताना सांगून टाकणार होतो. गाडीची वेळ झाली. त्या म्हणाल्या, तब्येतीला जपा, फार काटे लागलेत तुम्हाला. कशावरून म्हणाल्या देव जाणे.

१६ सप्टेंबर, रविवार
ही म्हणाली, चल, आईला न्यायचास त्याच रस्त्याने मलाही ने. निघालो. कुठला रस्ता? अंदाजाने चढाकडे वळलो. पुढे चष्म्याचं दुकान, बाहेर बाक. दुकानातल्या बाई हिला बघून बाहेर आल्या. म्हणाल्या, तुम्ही त्या काठीवाल्या आजींच्या लेक ना? तोंडावळा तोच. बऱ्या आहेत ना त्या? एकट्याच यायच्या रोज, इथे टेकायच्या. मी एकदा त्यांना विचारलं, सोबत कोणी नाही का? तर म्हणाल्या, जावई आहे की, सोन्यासारखा आहे, घरचं सगळं तोच बघतो, त्याला कशाला त्रास.
मग बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण?
ही तिथूनच मागे वळली. घरापर्यंत पुढेच चालत होती. आत आल्यावर म्हणाली, आईला फोन लाव.
लावला. म्हणालो, माझं चुकलं.
सासूबाई म्हणाल्या, काही ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोला.
मोठ्याने बोललो.
त्या म्हणाल्या, अजून मोठ्याने.
समोरच्या घरातले खिडकीत आले.