मध्ये आलेला माणूस

भवानी पेठ, सोलापूर
रविवार, दुपार

प्रिय दानव्वा,

आपल्या दोघांमध्ये एक जिना आहे आणि मी तुला पत्र लिहितोय. तू जगाच्या पार त्या टोकाला होतीस तेव्हा कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, मोबाईलवर अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा व्हायचो. आता तू माझ्या डोक्यावरच्या खोलीत आहेस, कूस बदललीस तरी पलंग कुरकुरलेला मला खाली ऐकू येतो, आणि बोलायची काही सोय नाही. वर येऊन तोंड उघडलं की तू भिंतीकडे वळतेस. म्हणून आज दुकानाच्याच पॅडवर लिहायला बसलो. वर ‘चादर व टॉवेलचे व्यापारी’ असं छापलंय, तिकडे बघू नकोस. घरात आपण कन्नड बोलतो हे खरं, पण माझी शाळा मराठी, आणि सध्या तुझ्याशी कन्नडमध्ये दोन शब्द बोलायला गेलो की वाक्य अर्ध्यावरच तुटतं. मराठीत निदान वाक्य पुरं होतं.

आधी घरचं सांगतो. तुझी अव्वा, आईचा जीव, रोज ताट वर ठेवते आणि तसंच खाली आणते. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, जे जे तू परदेशातून फोनवर मागायचीस ते सगळं. दारातून तिचा एकच प्रश्न, “ऊट आतेनु?” जेवलीस का म्हणून हाच प्रश्न ती तुला पूर्वी फोनवर विचारायची, तिकडे पहाट असो की संध्याकाळ, आणि तू हसून म्हणायचीस की अव्वाच्या घड्याळात कायम जेवणाचीच वेळ असते. आता तू हसत नाहीस म्हणून ती स्वयंपाकघरात जाऊन रडते, आणि मी विचारलं तर म्हणते कांदा चिरला. आपल्या घरी कांदा किती खपतोय ते बघायला तरी खाली ये. शेजारचे मडिवाळप्पा मास्तर रोज कट्ट्यावरून हाक मारतात, “लेक आली म्हनं? नवे फोटू दावा की.” मी सांगतो, लई दमून आलीय. ऐन श्रावणात आलीस, आता भाद्रपद लागला. इतकं कोण दमतं, असं ते विचारत नाहीत, चांगला माणूस आहे.

तुझे फोटो दुकानात अजून तसेच लावलेत. गिऱ्हाईक चादरीची घडी उलगडेपर्यंत वर बघत बसतं. बोलिव्हियातलं ते मिठाचं मैदान बघून अव्वा म्हणाली होती, “येवढं मीठ कोन खानार गं?” बुखाऱ्याचे ते निळे घुमट, बर्फात बुडालेलं ते नॉर्वेचं गाव. आणि इस्तंबूलचा पूल, तिथं गळ टाकून उभे राहिलेले लोक हटतच नव्हते म्हणून तू दिवसच्या दिवस थांबलीस आणि फोनवर माझ्यापाशी चिडचिड केलीस. मी म्हटलं, अगं मासे त्यांचे, पूल त्यांचा, तूच सरक की बाजूला. सगळ्या जगाचे फोटो, पण त्यात एक माणूस नाही. अव्वा तर प्रत्येक वेळी तेच विचारायची, “इतकी घरं हायती, मग मान्सं कुटं गेली?” तू समजावून सांगितलंस की माणूस आला की नजर त्याच्यावर जाते, जागा दिसत नाही. म्हणून तू कॅमेरा तिपाईवर रोवून एकाच जागेचे पुष्कळ फोटो काढायचीस आणि मग घरी बसून त्यातली माणसं पुसून टाकायचीस. मला मोठं नवल वाटायचं. आम्ही पेठेत बसून माणूस दुकानात यावा म्हणून आयुष्यभर डोळे लावून बसलो आणि आमची पोरगी माणूस जाण्याची वाट बघत जगभर फिरली.

तुझी ती हाताची खूणही आठवते. डोळा कॅमेऱ्याला आणि डावा हात हवेत, अंगणातल्या कोंबड्या हाकलाव्यात तसा. गड्ड्याच्या जत्रेला सिद्धेश्वरच्या तळ्याकाठी तू पाण्यातल्या देवळाचा फोटो काढत होतीस. तू हात हलवायचीस आणि मी तिकडून रुमाल हलवत लोकांना सांगायचो, सरका हो, जरा मागं सरका, माझी पोरगी फोटो काढतीय. लोक सरकायचे बिचारे, लेकरंबाळं, पिशव्या सगळं उचलून. फोटो काढणाऱ्याचं ऐकायचं असतं, एवढंच लोकांना ठाऊक. एक म्हातारी तर माझ्याकडेच येऊन म्हणाली, हितं उभारू का तितं? तिला वाटलं तिचाच काढताहेत. आपण घरी येऊन त्यावर किती हसलो होतो.

ओमानमध्ये काय झालं ते तू सांगितलं नाहीस. करमाळ्याची उत्कर्षा, जिच्याबरोबर तू इतके देश फिरलीस, तिनं तुला विमानतळावरून घरी आणून सोडलं आणि मग दुकानात येऊन मला सांगितलं. पावसाळी समुद्र, काळे ओले खडक, लाटा घराएवढ्या. तू सकाळच्या उजेडासाठी थांबली होतीस. एक म्हातारा कोळी तुझ्या चौकटीत येऊन उभा राहिला. जाईना. तू त्याला तो हात केलास. तो मागे सरकला, आणखी एकदा हात केलास, आणखी मागे सरकला, आणि तिथं लाट आली. उत्कर्षा म्हणाली, काका, एका क्षणात खडक रिकामा झाला. तिसऱ्या दिवशी समुद्रानं त्याला परत दिलं. तिथल्या पोलिसांनी अपघात लिहिला आणि तुला जाऊ दिलं. पण तू कुठे गेलीस? तू अजून त्याच खडकासमोर उभी आहेस, हात वर करून.

मी तुला “तुझी काही चूक नाही” असं म्हणायला वर आलो होतो. तू ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलंस त्यानंतर ते वाक्य मी पुन्हा काढलं नाही. इथं कोणाशी बोलावं तेही कळत नाही. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या, तू त्यांच्याकडेही पाठच केलीस. त्या म्हणाल्या, एकटी ठेवू नका, धार असलेलं काही जवळ ठेवू नका. मग मी वरखाली सगळीकडून विळी, कात्री, ब्लेड गोळा करत फिरलो, चोरासारखा, माझ्याच घरात.

आणि मग गुरुवारी ताट खाली आलं. भाकरी तशीच आणि भाकरीच्या शेजारी चांदीची डबी. तुझ्या गळ्यातलं इष्टलिंग. अव्वाच्या हातून ताट पडलं. अगं, जन्मल्यावर गळ्यात बांधतात ते आणि शेवटी मातीत आपल्याबरोबर जातं, मधे कोणी काढत नाही, हे तुला मी सांगायला हवं का? कुठल्याशा विमानतळावर तपासणीच्या लोकांनी ती डबी उघडा म्हणून तासभर अडवलं, विमान गेलं तरी तू गळ्यातून काढली नाहीस. तिथून रागानं फोन केलास, “अप्पा, मी त्यांना सांगितलं, हे माझं घर आहे, घर कसं काढून ठेवू?” मी ते सबंध पेठेत सांगत फिरलो होतो. ते घर तू ताटात ठेवून पाठवलंस. मी अडाणी असेन, पण याचा अर्थ न कळण्याइतका नाही. त्याच दुपारी सुतार बोलावून तुझ्या दाराची आतली कडी काढायला लावली. ठोकाठोक तुला ऐकू आली असेल. मला भीती वाटते दानव्वा. सकाळी जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून कान देतो, आणि वर पलंगाची कुरकुर ऐकू आली की तिथंच भिंतीला टेकून उभा राहतो.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल दुकानात फोन आला. बाईचा आवाज, लांबचा नंबर. हिंदी बोलत होती, आपल्या विजापूर वेशीतल्या बायका चादरीची घासाघीस करतात ना, तशीच. म्हणाली, मी बद्रिया, खमीसची मुलगी. खमीस म्हणजे ओमानचा तो म्हातारा कोळी. हिंदी तिकडच्या बाजारात आपल्या लोकांकडून शिकली म्हणाली. नंबर उत्कर्षानं दिला होता. मी गादीवरून उठून उभा राहिलो, टोपी काढली, म्हटलं, “बेटी, जो बोलना है बोलो.” वाटलं आता शिव्याशाप. ती म्हणाली, “गुस्सा तो है चाचा. वो बाद में. पहले मेरे बाबा की फोटो दो.” मला उमगेना. मग ती सांगत गेली. बाप जन्मभर कॅमेऱ्यापासून पळायचा. तिच्या लग्नात आचाऱ्यांच्या मागे जाऊन बसला. घरात त्याचा फोटो म्हणजे ओळखपत्रावरचा, नखाएवढा, त्यात तो त्याच्यासारखा दिसतही नाही. पण आदल्या दिवशी घरी येऊन म्हणाला, खडकावर हिंदची एक पोरगी आलीय, जाळं विणावं तशी मन लावून फोटो काढते, उद्या मी तिच्यापुढे उभा राहतो. सकाळी त्यानं धुतलेली नक्षीची टोपी मागून घेतली. मासे धरायला कोणी धुतलेली टोपी घालून जातं का, असं मला विचारलं तिनं.

कापडात डाग असला तर तो घडीत लपवून विकायचा नाही, हे मी जन्मभर पाळलं. म्हणून हेही तुझ्यापासून लपवत नाही, तुला लागणार हे माहीत असून. तो मध्ये आला नव्हता दानव्वा. तो फोटोला उभा राहिला होता. तू हात केलास तर त्याला वाटलं, नीट उभं राहायला सांगताहेत, जरा मागे, आणखी जरा मागे. आपल्या तळ्यावरच्या त्या म्हातारीसारखं. आणि तू तर एकाच जागेचे पुष्कळ काढतेस. म्हणजे तो त्यात आहे. धुतलेली टोपी घालून, तुझ्याकडे बघत. तुझी कॅमेऱ्याची बॅग उत्कर्षानं माझ्याकडे दिली होती, तिला इतक्यात देऊ नका पण टाकूही नका म्हणून. मी उघडली नाही. गल्लीतल्या कुणाकडून उघडून घेता आली असती, पण परक्यानं त्याला आधी बघावं हे मनाला पटेना. बद्रियाला समुद्र नको आहे, तिच्या दारातच आहे तो. तिला तो माणूस पाहिजे, आणि तो आज जगात फक्त तुझ्यापाशी आहे. संध्याकाळी ती पुन्हा फोन करणार आहे. मी तिला शब्द दिलाय की माझी लेक स्वतः बोलेल. ती रागावेल, तिला रागावू दे. बॅग तुझ्या दाराबाहेर ठेवलीय, वर तुझं इष्टलिंग ठेवलंय, गळ्यात घालायचं की नाही ते तुझं तू बघ. दाराला कडी नाही, तरी मी दार ढकलणार नाही, हे पत्र तेवढं फटीतून आत सरकवतो. आज तेवढ्यापुरतं तू उठ, दार उघड आणि त्या म्हाताऱ्याचा फोटो शोधून दे. पुसू नकोस त्याला.

वरच्या पायरीवर बसलेला,
तुझाच
अप्पा