मामावर गेला

दादा,

हे पत्र कोणत्या पत्त्यावर टाकू, मले माहीत नाई, तरी लिहून राह्यली.

माह्या सुमेधले मलेरिया झाला. तुह्या मलेरियात तुले दिल्या होत्या त्याच गोळ्या द्यायच्या आधी सेलूच्या डॉक्टरीणबाईनं त्याचं रक्त तपासलं अन् म्हणे, "याले या गोळ्या नको. आपल्या इकडं बऱ्याच घरायत हे असते, रक्ताले त्या सोसत नाईत. रक्त फुटते, लघवी काळी येते. घरात कोणाचं असं झालतं का?"

मले तुह्या लघवीचा रंग आठवला, कोऱ्या चहासारखा. शेजारचा गोपाल त्याच गोळ्यायनं उठून बसला होता. म्हणून तर तू गेल्यावर आई म्हणत राह्यली, "सुनेनंच काही चारलं." वहिनी समुद्रपूरले माहेरी गेली, ते आलीच नाई.

डॉक्टरीणबाई म्हणे, "हे आईकडून लेकाले येते."



सुमेध बरा आहे. आज आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला अन् कौतुकानं म्हणे, "कसा मामावर गेला पोरगा!"

दादा, तू कोणावर गेलता, हे तिले कसं सांगू?

तुह्या मागं राह्यलेली,
दीपमाला